रॉकेल ०.८९ का येतं?

रॉकेलची सापेक्ष घनता ०.८ च्या आसपास असते, हे मुलांना प्रॅक्टिकलच्या आधीच पाठ असतं. तरीही तपासायला आलेल्या जर्नलांत ०.८९ भेटतंच. मुलं तराजूकडे बोट दाखवतात. तराजू बिचारा निर्दोष असतो. रिकाम्या बाटलीचं वजन वजा करायचं राहिलेलं असतं. २५ मिलीची बाटली घ्या. काच समजा २० ग्रॅम, पाणी २५, रॉकेल २०. वजाबाकी न करता ४० ला ४५ ने भागलं की आलं ०.८९. ग्लिसरीनचं १.२६ असंच १.१४ होतं. काच प्रत्येक उत्तराला १ कडे ओढते. चूक लबाड आहे ती यासाठी, की रॉकेल तरीही पाण्यापेक्षा हलकंच दिसतं आणि कुणाला शंका येत नाही.

बाकीची गडबड बाटली हाताळण्यात होते. एकदा शेजारी बसलेल्या दोघींनी बाटल्या धुतल्या आणि बुचं अदलाबदल झाली. ही बुचं घासून त्या-त्या बाटलीला बसवलेली असतात. दुसरं बूच थोडं वर किंवा खाली बसतं आणि आतलं आकारमानच बदलतं. दोघींची गणितं बरोबर, उत्तरं चुकीची! तेव्हापासून मी बाटली आणि बूच, दोन्हींवर एकच नंबर घालून ठेवतो.

आधी पाणी, मग रॉकेल. उलट केलंत तर काचेला तेलकटपणा राहतो. पाण्यानंतर बाटली मात्र खडखडीत वाळायला हवी. मिठाचं पाणी मोजायचं असेल तर त्याच द्रावणाने विसळून चालतं. रॉकेल पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे तिथे विसळून उपयोग नाही. थोडं स्पिरिट फिरवून वाळवा. बर्नरवर धरायचं तर नावही काढू नका.

बूच सरळ खाली सोडा; जास्तीचा द्रव त्याच्या बारीक छिद्रातून बाहेर येऊ द्या आणि बाटली बाहेरून पुसा. छिद्राच्या तोंडावर टिपकागद दाबू नका, तो आतलाही द्रव शोषतो. बाटली मानेशी धरा. मुठीत धरली तर हाताच्या उबेने रॉकेल फुगून छिद्रातून पाझरतं. ग्लिसरीन बाटलीच्या कडेने हळू ओता आणि बुडबुडे वर येईपर्यंत थांबा. इथेच सगळ्यांची घाई होते, कारण तास संपत आलेला असतो.

आणि उत्तरापुढे एकक लिहू नका. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न बहुधा त्यावरच असतो.