वेदनाशामकांचे दुष्परिणाम : नोंदीचे महत्त्व आणि मर्यादा

औषध बाजारात आले म्हणजे त्याची परीक्षा संपली, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तेथून परीक्षेचा दुसरा व अधिक दीर्घ टप्पा सुरू होतो. विक्रीपूर्व चाचण्यांत सहसा काही हजार निवडक रुग्णांचाच समावेश असतो. गर्भवती स्त्रिया, अतिवृद्ध आणि एकाच वेळी अनेक आजार असलेले रुग्ण त्यांतून बहुधा वगळले जातात. दहा हजारांत एकास होणारा दुष्परिणाम चाचणीत किमान एकदा दिसेल, याची ९५ टक्के खात्री हवी असल्यास सुमारे ३० हजार व्यक्तींना ते औषध द्यावे लागेल. एवढी मोठी चाचणी क्वचितच होते. म्हणूनच विक्रीनंतरच्या देखरेखीला, म्हणजेच ‘औषधदक्षते’ला, सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत स्थान मिळाले आहे.

वेदनाशामकांच्या बाबतीत ही गरज विशेष तीव्र आहे. संधिवात, पाठदुखी, दातदुखी, मासिक पाळीतील वेदना अशा कारणांसाठी ही औषधे मोठ्या प्रमाणावर घेतली जातात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळालेली गोळी पुढे चिठ्ठीविना चालू ठेवणेही सर्रास आढळते. सेवन करणाऱ्यांची संख्या प्रचंड असली की अल्प जोखमीचेही एकूण बळी अल्प राहत नाहीत.

संस्थात्मक रचना

गरोदरपणी थॅलिडोमाइड घेतलेल्या मातांची हजारो बालके व्यंगासह जन्मली. हे औषध १९६१ मध्ये मागे घेण्यात आले. त्या धड्यातून जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय औषध देखरेख कार्यक्रम सुरू केला. त्याचे केंद्र १९७८ पासून स्वीडनमधील उप्साला येथे आहे. भारत १९९८ मध्ये या कार्यक्रमात सहभागी झाला. सध्याचा ‘भारतीय औषधदक्षता कार्यक्रम’ जुलै २०१० मध्ये सुरू झाला. त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र प्रथम नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत होते. एप्रिल २०११ मध्ये ते गाझियाबाद येथील इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे सोपविण्यात आले.

देशभरातील वैद्यकीय महाविद्यालये व रुग्णालयांतील देखरेख केंद्रे संशयित दुष्परिणामांची माहिती गोळा करून समन्वय केंद्राकडे पाठवितात. तेथून ती उप्सालाच्या जागतिक माहितीसाठ्यात जाते. नोंद करण्याची मुभा डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते यांच्याप्रमाणेच रुग्णालाही आहे. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. औषधामुळेच त्रास झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी नोंद करणाऱ्यावर नसते. रास्त संशय पुरेसा असतो.

नवीन औषधांच्या उत्पादकांवर वेगळे बंधन आहे. २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियमांनुसार त्यांना पहिली दोन वर्षे दर सहा महिन्यांनी व पुढील दोन वर्षे दरवर्षी सुरक्षितता अहवाल सादर करावा लागतो.

नोंद म्हणजे दर नव्हे

येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. एखाद्या गोळीविरुद्ध ५०० नोंदी व दुसरीविरुद्ध ५० नोंदी असल्या, म्हणून पहिली दहापट धोकादायक ठरत नाही. नोंदींची संख्या हा केवळ अंश आहे. ती गोळी किती जणांनी घेतली हा छेद ठाऊक नसतो. शिवाय सर्व घटना नोंदविल्या जात नाहीत. त्यामुळे नोंदींतून दर निघत नाही, ‘संकेत’ मिळतो. औषध घेणे व त्रास होणे यांतील कालावधी, औषध थांबविल्यावर पडलेला फरक, मूळ आजाराची शक्यता हे तपासून प्रत्येक नोंदीची ‘निश्चित’, ‘संभाव्य’, ‘शक्य’, ‘असंभाव्य’ अशी प्रतवारी केली जाते.

दोन उदाहरणे

मेफेनॅमिक ॲसिड हे मासिक पाळीतील वेदनांसाठी भारतात सर्वपरिचित औषध आहे. नोंदींच्या विश्लेषणानंतर डिसेंबर २०२३ मध्ये कमिशनची एक सूचना प्रसिद्ध झाली : या औषधाने ‘ड्रेस सिंड्रोम’ ही गंभीर प्रतिक्रिया होऊ शकते, तरी डॉक्टर व रुग्णांनी लक्ष ठेवावे. ताप, अंगावर पुरळ, लसिका ग्रंथींची सूज व अंतर्गत अवयवांना इजा अशी तिची लक्षणे असतात. प्रतिक्रिया विरळ व वैशिष्ट्यपूर्ण असल्याने थोड्या नोंदींतूनही ती उठून दिसते.

रोफेकॉक्सिबची गोष्ट याच्या उलट आहे. पोटाला कमी अपायकारक म्हणून १९९९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या या वेदनाशामकाने हृदयविकाराचा धोका वाढत होता. परंतु संधिवाताच्या प्रौढ रुग्णाला हृदयविकाराचा झटका येणे ही एरवीही घडणारी बाब. तेव्हा गोळीवर संशय कोण घेणार? २००० मधील एका मोठ्या चाचणीत नॅप्रोक्सेनच्या तुलनेत हे झटके अधिक आढळले, तेव्हा नॅप्रोक्सेनच हृदयाला संरक्षण देत असावे, असा अर्थ लावण्यात आला. पुढे निष्क्रिय गोळीशी तुलना करणाऱ्या चाचणीत हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटनांचे प्रमाण दर १०० रुग्ण-वर्षांमागे ०.७८ विरुद्ध १.५० असे निघाले. सप्टेंबर २००४ मध्ये उत्पादकाने औषध जगभरातून मागे घेतले. भारतात डिसेंबर २००४ मध्ये त्यावर बंदी आली.

तात्पर्य हे की, विरळ दुष्परिणाम नोंदींतून उमगतो. नेहमीच्या आजाराचे रूप घेऊन येणारा दुष्परिणाम मात्र नियंत्रित अभ्यासाविना हाती लागत नाही. एक पद्धत दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

अर्थशास्त्रीय बाजू

दुष्परिणामाची नोंद ही अर्थशास्त्राच्या परिभाषेत सार्वजनिक वस्तू होय. अर्ज भरण्याचे श्रम एकाचे, लाभ मात्र पुढच्या सर्व अनोळखी रुग्णांचा. अशा वस्तूचा पुरवठा गरजेपेक्षा कमी राहतो, आणि दुष्परिणामांच्या नोंदी जगभर अपुऱ्या राहण्याचे एक कारण हेच आहे. विक्रेत्याला अधिक व ग्राहकाला कमी माहिती, ही औषधबाजारातील विषमता अपुऱ्या नोंदींमुळे अधिकच वाढते. तेव्हा केवळ आवाहन पुरेसे ठरणार नाही. व्यग्र डॉक्टरला दोन मिनिटांत नोंद करता येणे, औषधाच्या दुकानात अर्ज मिळणे व नोंद करणाऱ्याला तिचे पुढे काय झाले हे कळणे या बाबी तितक्याच आवश्यक आहेत. स्वस्त औषधे ही देशाची शक्ती आहे. त्यांची किंमत रुग्णाच्या प्रकृतीतून वसूल होऊ नये, यासाठी नोंदीची ही साधी वाटणारी व्यवस्था बळकट होणे अगत्याचे आहे.