कल्पनेतील धातू आणि पृथ्वीवरील द्रव्ये

परीस या दगडाचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. त्याचा स्पर्श होताच लोखंडाचे सोने होते, अशी कथा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. दधीची ऋषींच्या अस्थींपासून इंद्राचे वज्र घडले, अशीही एक पुराणकथा आहे. परीस कोणी पाहिला नाही, वज्र कोणी तोलले नाही. तरीही या वस्तू लोकांच्या मनात शतकानुशतके टिकून राहिल्या. याचे कारण उघड आहे. हाताशी असलेल्या द्रव्याने जे साधत नाही, ते साधणारे द्रव्य माणूस कल्पनेत निर्माण करतो.

आजच्या चित्रकथांत आणि संगणकावरील खेळांत हीच परंपरा नव्या वेषात चालू आहे. सुपरमॅन या महावीराला निर्बल करणारा ‘क्रिप्टोनाइट’ हा पदार्थ १९४३ साली अमेरिकेतील नभोवाणीच्या एका मालिकेतून लोकांपुढे आला. आघाताची कंपने शोषून घेणारा ‘व्हायब्रेनियम’ १९६६ साली, आणि सहसा कशानेही न तुटणारा ‘ॲडमँटियम’ १९६९ साली चित्रकथांत अवतरला. ॲडमँटियम हे नाव ज्या प्राचीन ग्रीक शब्दावरून आले, त्याचा अर्थ ‘अजिंक्य’ असा आहे. त्याच शब्दाने पुढे हिऱ्याचाही बोध होऊ लागला. आपल्याकडे ‘वज्र’ हा शब्दही इंद्राच्या शस्त्राला लावतात आणि हिऱ्यालाही लावतात. दूरदूरच्या दोन देशांतील लोकांनी कल्पना मात्र सारखीच केली!

या काल्पनिक द्रव्यांत एक गोष्ट समान आहे. त्यांच्या गुणासाठी सहसा कोणतीही किंमत मोजावी लागत नाही. निसर्गातील द्रव्यांचे तसे नसते. त्यांच्या प्रत्येक गुणामागे काही कारण असते, आणि पुष्कळदा त्या गुणाबरोबर एखादी उणीवही येते. लोहार विळ्याची धार लाल तापवून पाण्यात बुडवतो, तेव्हा पोलाद कठीण होते. पण त्याच वेळी ते ठिसूळही होते. म्हणून त्याला पुन्हा बेताची उष्णता द्यावी लागते. हिऱ्यावर सहजासहजी ओरखडा उठत नाही. परंतु हातोडीचा घाव बसला, तर तोच हिरा फुटतो.

व्हायब्रेनियमच्या ढालीवर घाव बसतो आणि तिच्यामागील वीराला धक्कादेखील लागत नाही. येथे विचारी वाचकाने विचारावे, की त्या घावातील ऊर्जा गेली कोठे? ऊर्जा नाहीशी होत नाही. ती केवळ रूप बदलते. पुण्याच्या रस्त्यांवर धावणाऱ्या असंख्य दुचाकींकडे पाहिले, म्हणजे याचे उत्तर मिळते. चालकाच्या हेल्मेटच्या आत थर्माकोलसारख्या द्रव्याचे जाड अस्तर असते. अपघातात डोके आपटले, तर ते अस्तर चेपते. आघाताची बरीचशी ऊर्जा त्या चेपण्यात खर्च होते आणि मेंदू वाचतो. परंतु एकदा चेपलेले अस्तर पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून मोठा आघात सोसलेले हेल्मेट वरून धडधाकट दिसले, तरी ते टाकून देऊन नवे घेतले पाहिजे. चित्रकथेतील ढाल हजार घाव सोसते. खरी ढाल एकच घाव सोसते, पण ती प्राण वाचवते.

कल्पना आणि वास्तव यांची कधीकधी गमतीदार गाठ पडते. २००६ साली सुपरमॅनवरील एका चित्रपटात क्रिप्टोनाइटच्या पेटीवर त्याचे घटक लिहिलेले दाखवले होते. सर्बिया देशातील जादार नदीच्या खोऱ्यात सापडलेल्या एका नव्या खनिजाचे घटक जवळजवळ तेच आहेत, असे २००७ साली जाहीर झाले. केवळ पेटीवर लिहिलेले फ्लोरीन त्यात नव्हते. ‘जादाराइट’ नावाचे हे खनिज हिरवे नसून पांढरे आहे. ते कोणाचेही बळ हरण करीत नाही. उलट विजेच्या घटांना लागणारे लिथियम त्यात आहे.

अशी नवलाची खनिजे पाहण्यास सर्बियालाच जावे लागते असे नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर तप्त लाव्हारसाचे थरांवर थर पसरले. ते निवताना वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या, क्षारयुक्त उष्ण पाण्याने त्या पोकळ्यांत हळूहळू स्फटिक घडवले. पुण्याजवळील पाषाण येथील खाणींत ॲपोफिलाइटचे हिरवे स्फटिक मिळाले. नगर रस्त्यावरील वाघोलीच्या दगडखाणींत गर्द निळ्या रंगाचे कॅव्हन्साइट सापडले. हे खनिज प्रथम अमेरिकेतील ऑरेगन राज्यात आढळले आणि १९७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. परंतु वाघोलीचे नमुने जगभर उत्कृष्ट मानले जातात.

कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन या मूलद्रव्यांच्या नावांतून ‘कॅव्हन्साइट’ हे नाव सिद्ध झाले. त्याचा निळा रंग व्हॅनेडियममुळे येतो. याच धातूचा अल्प अंश पोलादात मिसळला, म्हणजे पोलाद अधिक बळकट होते. दुरुस्तीच्या दुकानातील पान्यावर पुष्कळदा या धातूचे नाव कोरलेले असते. स्वीडनच्या सेफस्ट्रोम या शास्त्रज्ञाने १८३० साली हे नाव व्हॅनाडिस या देवतेवरून ठेवले; कारण या धातूची संयुगे नाना सुंदर रंगांची असतात. कथाकार विज्ञानाकडून नावांची घडण उसनी घेतात, तसे वैज्ञानिकही पुराणकथांकडून नावे घेतात.

चित्रकथा अवश्य वाचाव्यात. परंतु एखादा अद्भुत धातू भेटला, की त्याला तीन प्रश्न विचारावेत: हा कशाचा बनला आहे? याच्या गुणाचे कारण काय? त्या गुणाची किंमत कोणती? काल्पनिक धातू या प्रश्नांपुढे बहुधा मौन धरील. वाघोलीच्या खाणीतला निळा खडा मात्र उत्तर देईल.

शब्दार्थ
अस्थी – हाडे. नभोवाणी – रेडिओ. ठिसूळ – सहज फुटणारे. पूर्ववत – पहिल्यासारखे. सिद्ध होणे – तयार होणे.

स्वाध्याय
१. मोठा आघात सोसलेले हेल्मेट पुन्हा का वापरू नये?
२. ‘वज्र’ आणि ‘ॲडमँटियम’ या शब्दांतील साम्य सांगा.
३. दख्खनच्या खडकांतील पोकळ्यांत स्फटिक कसे तयार झाले, ते आपल्या शब्दांत लिहा.
४. आपल्या आवडत्या कथेतील एखाद्या अद्भुत द्रव्याला पाठातील तीन प्रश्न विचारा व उत्तरे लिहिण्याचा प्रयत्न करा.