घाम अंगावर साचू देऊ नका : धावणाऱ्या मुलामुलींनी आतला कपडा कसा निवडावा

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. ५० गुणांपैकी २० गुण या एका धावण्याला आहेत. त्यासाठी आपल्या वस्त्यांतील मुलेमुली महिनोन् महिने सराव करतात. कोणी शाळेच्या मैदानावर, कोणी डांबरी रस्त्यावर, तर किनाऱ्याजवळची मुले वाळूवर. बूट कोणते घ्यावे, खुराक काय घ्यावा याची चर्चा घरोघरी होते. अंगाला चिकटून असणाऱ्या कपड्याचा मात्र कोणी विचार करत नाही. घरात जुना टी-शर्ट असेल तो घालायचा आणि पळायचे, असेच चालते. कोकणात ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही.

कोकणातला घाम वाळत का नाही?

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणाऱ्या सागरी रस्त्यावर आरे आणि वारे हे दोन किनारे लागतात. पाठीमागे डोंगर, मध्ये सुरूची झाडे, पुढे उघडा समुद्र. तिथे थोडे जरी पळाले तरी कपडा अंगाला चिकटतो आणि घाम थेंबाथेंबाने गळू लागतो. नागपूरकडे पारा कितीतरी वर असतो, पण तिकडे घाम येतो आणि उडून जातो. आपल्याकडे हवाच पाण्याने भरलेली असते, म्हणून अंगावरच्या घामाला उडायला जागा मिळत नाही. हवामान खातेसुद्धा हा फरक मानते. मैदानी भागात पारा ४० अंशांवर गेल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार होत नाही. किनारपट्टीला मात्र तो ३७ अंशांपासूनच होतो.

घाम नुसता आल्याने शरीर थंड होत नाही. घामाची वाफ होते तेव्हा ती अंगातली उष्णता घेऊन जाते. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. जो घाम कपाळावरून वाळूत टपकला, त्याने शरीरातले पाणी आणि मीठ नेले, पण उष्णता तिथेच राहिली.

एक साधा हिशेब करू. ६० किलो वजनाचा मुलगा १६०० मीटर धावला, तर त्याची साधारण ९५ किलोकॅलरी शक्ती खर्च होते. यातला तीन चतुर्थांश भाग उष्णता बनतो. एवढी उष्णता नुसत्या घामावाटे बाहेर टाकायची, तर सव्वाशे मिलिलिटर घाम अंगावरच वाळायला हवा. सरावात असे तीन-चार फेरे झाले तर आकडा अर्ध्या लिटरवर जातो. म्हणून कपडा घामाला अडवतो की पसरवून वाळू देतो, हे पाहायचे.

सुती बनियन आणि दिव्याची वात

कापसाच्या धाग्याला पाणी आवडते. कोरड्या वाटणाऱ्या सुती कापडातही वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा असतोच. घाम आला की धागा तो आपल्या पोटात घेतो, फुगतो आणि धरून ठेवतो. मग कपडा जड होतो, अंगाला चिकटतो आणि हवा जाण्याची छिद्रे बंद होतात.

पॉलिस्टरचा धागा उलट आहे. तो स्वतः अर्धा टक्काही पाणी पीत नाही. मग घाम कुठे जातो? बारीक धाग्यांच्या मधल्या फटींतून तो वर चढतो आणि पसरतो. कंदिलाची वात तळातले रॉकेल जसे वर ओढते, तसेच हे काम आहे. घाम त्वचेवरून उचलला जातो, कपड्याच्या बाहेरच्या बाजूला पातळ पसरतो आणि वारा लागला की लवकर वाळतो. बाजारात याला ‘ड्राय फिट’ म्हणतात. खेळाच्या जर्सीला वापरतात ते बारीक छिद्रांचे ‘डॉट निट’ कापडही याच जातीचे.

तिसरा प्रकार जाळीच्या बनियनचा. १९३० च्या दशकात नॉर्वेच्या सैन्यातील हेन्रिक ब्रुन या अधिकाऱ्याने मासेमारीच्या जुन्या जाळ्यांपासून अंगात घालायची बनियन तयार केली. कापडापेक्षा छिद्रेच जास्त, त्यामुळे हवा खेळती राहते आणि घाम साचत नाही. तिकडे ती थंडीसाठी वापरली, वर दुसरा कपडा घालून. आपल्याकडे उकाड्यात ती एकटी घातली तरी चालते. कोळीवाड्यातल्या माणसाला जाळ्याचा हा गुण वेगळा सांगायला नको.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. कपडा बदलल्याने शरीराच्या आतले तापमान फार खाली येत नाही. पातळ कपड्याचा खरा फायदा म्हणजे ओझे कमी होते, कातडी सोलवटत नाही, घामोळे व नायटा कमी होतो आणि पळताना जीव गुदमरत नाही. भर दुपारी पळण्याचा परवाना म्हणून या कपड्याकडे पाहू नका.

दुकानात काय पाहावे?

१. वजन. कापडाचे वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅम. नेहमीचा सुती टी-शर्ट १८० च्या आसपास असतो. कोकणात पळण्यासाठी १०० ते १४० पुरे. लेबलवर आकडा नसेल तर कापड उजेडासमोर धरा. बोटांची सावली दिसली पाहिजे.

२. थेंबाची परीक्षा. कपडा उलटा करून आतल्या बाजूवर पाण्याचा एक थेंब टाका. तो काही सेकंदांत पसरला आणि बाहेरच्या बाजूने ओल दिसली, तर कपडा घाम ओढेल. थेंब मोत्यासारखा तसाच बसून राहिला, तर तो कपडा अंगावर प्लास्टिकसारखा वागेल. ‘ड्राय फिट’ असे छापलेले सगळेच कपडे या परीक्षेत उतरत नाहीत. दुकानदार हे करू देत नसेल तर एकच कपडा घ्या, घरी तपासा आणि मग बाकीच्या मुलांसाठी आणा.

३. फुंकर. कापड तोंडाला लावून फुंका. पलीकडे हाताला हवा लागली पाहिजे.

४. माप. घाम ओढायचा तर कपडा त्वचेला टेकलेला हवा. पण श्वास घेताना छाती आवळेल इतका तंग नको. हात वर केले तर काखेत ओढ बसू नये.

५. शिवण. काखेतली आणि खांद्यावरची शिवण चपटी असावी. जाड शिवण खाऱ्या घामात कातडी कापते. मानेमागचे टोचणारे लेबल काढून टाका.

महागड्या कंपनीचे नाव आवश्यक नाही. मंडळाच्या जर्सी शिवून देणारे कारागीर आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. दहा-पंधरा मुलांनी मिळून डॉट निट कापडाच्या बिनबाह्यांच्या बनियन शिवून घेतल्या तर स्वस्त पडते.

मुलींसाठी

आपल्या मुली अनेकदा सुती ड्रेस, त्याखाली सुती स्लिप आणि वर ओढणी असे तीन थर घालून पळतात. तिन्ही भिजतात आणि तिन्हींचे वजन तिलाच ओढावे लागते. आत नीट बसणारी स्पोर्ट्स ब्रा आणि वर एकच पातळ, लांब बाह्यांचा, कमरेखाली येणारा टी-शर्ट एवढे पुरते. पांढरे पातळ कापड भिजले की आरपार दिसते, म्हणून गडद निळा, मरून किंवा बारीक नक्षीचा रंग घ्यावा. खाली जाड जीन्स किंवा घट्ट सुती लेगिंग नको; पातळ ट्रॅक पँट बरी. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून मुलीला उकाड्यात थरावर थर घालायला लावू नका. गुण तिच्या धावण्याला मिळणार आहेत.

धुणे आणि कातडीची काळजी

पॉलिस्टरचा एक दोष आहे : त्याला वास लवकर लागतो. अंगावरच्या तेलकट घामावर जंतू वाढतात आणि तेल या धाग्याला चिकटून राहते. म्हणून सरावाहून आल्यावर कपडा पिशवीत कोंबून ठेवू नका. लगेच साध्या पाण्यातून काढा, मग साबणाने धुवा आणि उलटा करून उन्हात वाळवा. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव वापरू नका. त्याचा थर धाग्यांच्या फटी बुजवतो आणि कपडा घाम ओढेनासा होतो. कडक इस्त्रीही नको. पावसाळ्यात सुती कपडा दोन-दोन दिवस ओला राहतो, हा रात्रीत वाळतो. मात्र दोन जोड तरी असावेत.

ओला कपडा अंगावर फार वेळ राहिला की जांघेत आणि काखेत नायटा होऊ शकतो. एकमेकांचे टॉवेल व बनियन वापरल्याने तो घरभर पसरतो. खाज सुटली की मेडिकलमधून एखादी ट्यूब आणून लावायची सवय फार वाईट आहे. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टिरॉइड असते. चार दिवस खाज थांबते, पण बुरशी आत वाढते आणि कातडी पातळ होते. स्टिरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम २०१८ मध्येच झाला आहे. सरकारी दवाखान्यात दाखवा, सांगितले तितके आठवडे औषध पूर्ण करा. मांड्या घासत असतील तर पळण्याआधी व्हॅसलीन लावा.

दोन धोके

पहिला धोका आगीचा. पॉलिस्टर पेटले की वितळते आणि कातडीला चिकटते. त्याची जखम खोल होते. हा टी-शर्ट घालून वेल्डिंगला, भट्टीवर, चुलीपुढे किंवा फटाक्यांजवळ जाऊ नका. सराव संपला की कपडा बदला आणि मग कामाला लागा. तिथे सुतीच बरे.

दुसरा धोका गैरसमजाचा. वजन कमी व्हावे म्हणून काही मुले रेनकोट, प्लास्टिकची पिशवी किंवा जाड जॅकेट घालून पळतात. घाम जास्त गळाला म्हणजे चरबी वितळली असे त्यांना वाटते. ते वजन पाण्याचे असते, दोन तांबे पाणी प्यायल्यावर परत येते. पण घाम वाळायची वाटच बंद केल्याने अंग आतून तापत जाते आणि उष्माघात होऊ शकतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला भर उन्हातल्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसे गेली, आणि ती पळत नव्हती, नुसती बसलेली होती. पळणाऱ्याचे शरीर तर स्वतःच उष्णता तयार करत असते. एप्रिलमध्ये, भीमजयंतीच्या सुमारास, आपल्याकडे दौडी आणि कबड्डीचे सामने ठेवले जातात. आयोजकांनी ते सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर घ्यावेत.

किनाऱ्यावरची वेळ

आरे-वारेचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य डोंगरामागून येतो, म्हणून वाळूवर उशिरापर्यंत सावली असते. संध्याकाळी ऊन समोरून डोळ्यांत येते, पण समुद्रावरून खारे वारे वाहत असतात आणि घाम वाळायला त्यांची मदत होते. सकाळी हवा दमट आणि पडलेली असते, तेव्हा पातळ कपड्यानेही घाम गळणारच. वेग बेताचा ठेवा. उकाडा सुरू झाला की पहिले दहा-बारा दिवस अंतर हळूहळू वाढवा. शरीराला सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. आणि घाम धुवायला म्हणून या समुद्रात उतरू नका. तिथले पाणी ओढून नेते. घरून बाटली आणा.

पळण्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी झाले तर एक लिटर पाणी गेले समजा. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चहाच्या चमच्याने) घातले की जलसंजीवनी तयार होते.

पळणारा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला तर हा उष्माघात समजा. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता आणि वारा घाला. काखेत व जांघेत बर्फ किंवा थंड ओले फडके ठेवा. १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. गाडी येईपर्यंत थंड करणे थांबवू नका. जीव त्यानेच वाचतो.

युवक मंडळासाठी पाठ

पुढच्या रविवारी प्रत्येकाने आपला पळायचा कपडा आणावा. किराणा दुकानाच्या काट्यावर तो कोरडा तोला. मग पाण्यात बुडवून, पिळून पुन्हा तोला. वजन किती वाढले ते वहीत लिहा. नंतर सगळे कपडे एकाच दोरीवर वाळत घाला आणि कोणता आधी वाळतो ते पाहा. थेंबाची परीक्षाही करा. ज्याचे वजन सर्वांत कमी वाढले आणि जो सर्वांत आधी वाळला, तो कपडा भरतीच्या दिवसासाठी राखून ठेवा. मात्र त्या दिवशी नवा कोरा कपडा घालू नका. निदान पाच-सहा वेळा पळून अंगाला बसलेला असावा.