चिलखताचा पहिला तुकडा

व्हिडिओ खेळांतील वीरांची चिलखते पाहून तसा वेश स्वतःच्या हातांनी तयार करावा, असे ज्यांना वाटते त्यांनी प्रारंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही चिलखते अंगात घालण्यासाठी आखलेली नसतात. ती पडद्यासाठी आखलेली असतात. निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या ‘मेट्रॉइड’ या खेळाची नायिका सॅमस हिचेच उदाहरण घेऊ. १९८६ सालच्या मूळ खेळात तिला अधिक बळकट चिलखत मिळाले की केवळ त्याचा रंग बदलत असे. १९९१ साली या मालिकेतील दुसरा खेळ ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी निघाला. त्याच्या पडद्यावर एकाच रंगाच्या चार छटा उमटत. तेव्हा नवे चिलखत निराळे ओळखू यावे म्हणून त्याला दोन मोठे गोल खांदे देण्यात आले. पुढे पडदे रंगीत झाले, तरी खांदे राहिले. आज हा वेश करणाऱ्याला त्या गोलांखालून हात वर कसा करावा, हा प्रश्न सोडवावा लागतो!

पडद्यावरील पत्रे हालचालीत एकमेकांत शिरले तरी कोणाच्या लक्षात येत नाही. खरे चिलखत घडविणाऱ्यांना ही सवलत नव्हती. आपल्याकडील ‘चार आईना’ या चिलखतात छाती, पाठ व दोन्ही बगला यांवर चार स्वतंत्र पत्रे पट्ट्यांनी बांधीत आणि सांध्यांचे काम आतील कड्यांच्या जाळीवर सोपवीत. जेथे शरीर वाकते तेथे पत्रा नको, हा त्यांचा नियम आपल्यालाही लागू आहे.

नवशिके बहुधा शिरस्त्राणापासून सुरुवात करतात, कारण वेशाची ओळख त्यानेच पटते. आमच्या मते हे योग्य नव्हे. पहिला तुकडा मनगट ते कोपर यांमधील असावा. जुन्या भाषेत ज्याला दस्ताना म्हणत तो. यामागे भूमितीचे कारण आहे. गोलाचा पृष्ठभाग ताणल्यावाचून वा दुमडल्यावाचून सपाट करता येत नाही. गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ साली मांडलेल्या सिद्धांतातून हे निष्पन्न होते. म्हणूनच ब्लाउजला टक्स घ्यावे लागतात, आणि म्हणूनच खांदा व शिरस्त्राण यांचे कागदी नमुने पाकळ्यांसारखे चिरलेले असतात. हाताचा पुढील भाग मात्र साधारणपणे निमुळत्या नळीसारखा असतो आणि अशी नळी उभी चिरली की सपाट पसरते.

यासाठी ईव्हीए नावाचा फेस वापरतात. चपलांचे तळ व व्यायामशाळेतील एकमेकांत अडकणाऱ्या चटया याच पदार्थाच्या असतात. पहिल्या तुकड्यास चटईच पुरे. अंगठ्याने दाबून पाहावे. खळगा लगेच भरून आला तर चटई कामाची.

पुढे वेशाखाली जे कपडे घालावयाचे तेच घालून हाताभोवती पातळ प्लास्टिक सैलसर गुंडाळावे, त्यावर चिकटपट्टी लावावी व तुकड्याच्या कडा शाईने आखाव्यात. मग दुसऱ्याकडून बोथट टोकाच्या कात्रीने हे वेष्टण आतील बाजूने उभे कापून घ्यावे व कागदावर पसरून त्याची आकृती उतरवावी. येथेच बहुतेकांचे माप चुकते. समजा, बाहीसह हाताचा घेर २६ सेंटिमीटर आहे व फेसाची जाडी १ सेंटिमीटर. तेवढीच पट्टी कापून वाकविली, तर तिची मधली रेषा २६ सेंटिमीटर राहते. बाहेरील बाजू ताणली जाते व आतील बाजू दबून सुमारे २३ सेंटिमीटर होते. तुकडा ३ सेंटिमीटर तोकडा पडतो. यास्तव जाडीला ३.१४ ने गुणून येणारी लांबी घेरात मिळवावी. फेस पातळ असेल तर वाढ त्या मानाने कमी होईल. मनगटाहून पंजा रुंद असल्याने उभी चीर न चिकटविता तेथे वेल्क्रो लावावा.

कापताना पाते नवे असावे व कडेला सरळ उभे धरावे. बोथट पाते फेस फाडते. वाकविण्यासाठी हीट गनचा झोत सतत फिरता ठेवावा. पृष्ठभागावर किंचित चमक आली की थांबावे, तुकडा डब्याभोवती वाकवावा आणि थंड होईपर्यंत धरून ठेवावा. थंड झाला की आकार टिकतो. शोभेच्या पट्ट्या चिकटविण्यास चांभाराचे रबरी सोल्युशन उत्तम. ते दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत सुकू द्यावे व मगच दाबावे. एकदा टेकलेले भाग पुन्हा सरकविता येत नाहीत.

या सोल्युशनची वाफ ज्वालाग्राही असून फुप्फुसांना व मेंदूला अपायकारक आहे. शेगडी, देवापुढील समई किंवा तापलेली हीट गन जवळ असताना ते उघडू नये. नाकावर बांधलेला रुमाल धूळ काहीशी अडवील, वाफ मुळीच अडविणार नाही; त्यासाठी सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या डबीचा मुखवटा लागतो. काम गच्चीवर वा उघड्या ओसरीत करावे, बंद खोलीत नव्हे. आणखी एक धोका वेश पूर्ण झाल्यावर येतो. फेस उष्णता अडवितो व त्याखाली घाम वाळत नाही. आपल्याकडील दमट हवेत पूर्ण चिलखत चढवून गर्दीत उभे राहणाऱ्यास भोवळ येऊ शकते. पाणी पिण्यासाठी शिरस्त्राण स्वतः काढता आलेच पाहिजे.

रंगाची घाई करू नये. आधी तुकडा तासभर हातात घालून वावरावे, कोपर पूर्ण वाकवावे, पेल्याने पाणी प्यावे. जेथे कड रुतेल तेथे खूण करून ती छाटावी व तीच दुरुस्ती कागदावरील आकृतीतही करावी. दुसऱ्या हाताचा तुकडा कापताना ती आकृती पालथी घालावी, अन्यथा दोन्ही तुकडे एकाच हाताचे होतात.