घरचे वानर चावले तर?

गेल्या पावसाळ्यात पहाडावरच्या एका गुड्यावरून आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन त्याचे वडील दवाखान्यात आले. मनगटावर दातांच्या खोल जखमा, त्यावर हळद-चुन्याचा जाड लेप. काय चावले विचारले, तर म्हणाले, "बाहेरचं नाही जी डॉक्टरसाहेब, घरचंच वानर हाय. पिलू होतं तवापासून पोराच्याच ताटात जेवते." घरचेच म्हणून तीन दिवस घालवले होते.

वाचकहो, माणसाळलेला प्राणी आणि पाळीव प्राणी यांत मोठा फरक आहे. रशियात 1959 पासून बेल्यायेव्ह या शास्त्रज्ञाने कोल्ह्यांवर प्रयोग केला. दर पिढीतील सर्वांत शांत तेवढे कोल्हे निवडून त्यांचीच पैदास केली. काही पिढ्यांनंतर पिल्ले माणूस दिसताच शेपूट हलवू लागली. म्हणजे उद्या एखादा रानटी प्राणी घरात नांदेलही, पण त्यासाठी पिढ्यान् पिढ्या निवड लागते. बाटलीने दूध पाजून वाढवलेले एकटे पिल्लू त्या वाटेवर नसते. ते वयात आले की रानातल्या स्वभावानेच वागते, आणि पहिला चावा बहुधा घरातल्या लेकराला बसतो.

हेमलकशाचे उदाहरण मला नेहमी ऐकवले जाते. शिकाऱ्यांनी मारलेल्या प्राण्यांची अनाथ पिल्ले डॉ. प्रकाश आमटे यांनी सांभाळली, त्यांत बिबटे आणि अस्वलेही होती. पण ते रीतसर मान्यता असलेले अनाथालय आहे. हौसेने पाळलेले घरचे जनावर नव्हे. आपल्याकडे तर देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणेही 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

आता चाव्याविषयी. कुत्र्या-मांजराला दहा दिवस नजरेखाली ठेवण्याचा नियम रानातल्या प्राण्याला लागू नाही. वानर, माकड, मुंगूस, कोल्हा यांपैकी काहीही चावले, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. चुना, तिखट, हळद काही लावू नये. टाके घालण्याचा आग्रह धरू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. त्वचेतील लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि 28 व्या दिवशी मिळते. रक्त आले असेल तर जखमेत तयार प्रतिपिंडाचे इंजेक्शनही लागते, नुसत्या लसीवर भागत नाही. पोटातल्या चौदा सुयांची धास्ती अजून आमच्या भागात आहे. ती जुनी लस 2005 च्या सुमारास बंद झाली. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. उशीर झाला असला, तरी लक्षणे दिसण्यापूर्वी यावेच.

त्या मुलाला चारही वेळा आणले गेले. तो बरा आहे. वानर वनखात्याच्या स्वाधीन केले. सुई टोचताना गप्प बसलेला पोरगा ते सांगताना मात्र रडला.