कागदपत्रे देण्यापूर्वी एक प्रश्न

कोल्हापूर भागात ऊस नोंद, खतखरेदी वा ठिबक संच, प्रत्येक ठिकाणी कागदपत्रे मागितली जातात. ती देण्यापूर्वी विचारावे : या कामासाठी ही माहिती खरोखर लागते का?

साखर कारखान्यास ऊसबिल जमा करण्यासाठी बँक खाते क्रमांक लागतो, तो द्यावा. परंतु खात्यात पैसे जमा होण्यासाठी ओटीपी किंवा पिन कधीच लागत नाही. तो कोणासही सांगू नये.

अनुदानित खत घेताना दुकानातील यंत्रावर अंगठा घेऊन आधारची पडताळणी होते. पावती मागून घ्यावी व तीवरील पोती मोजावीत. न घेतलेली पोती आपल्या नावावर दिसल्यास तालुका कृषी अधिकाऱ्यांना कळवावे.

विक्रेत्यास आधारची प्रत द्यायची झाल्यास शेवटचे ४ अंकच दिसणारी प्रत चालेल का, ते विचारावे. प्रतीवर ‘केवळ ठिबक अनुदानासाठी’ असे लिहून तारीख घालावी व सही करावी. त्यामुळे तीच प्रत कर्जासाठी वापरणे अवघड जाते. कोऱ्या अर्जावर सही करू नये.

खात्यातून पैसे गेल्यास विनाविलंब बँकेस कळवून १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.