मूल गावात समुद्र कसा आणाल?

चंद्रपूर जिल्ह्यातील मूल गावापासून समुद्र किती लांब आहे? नकाशावर पट्टी ठेवून पाहा. सर्वांत जवळचा बंगालचा उपसागर, आणि तोही सरळ रेषेत चारशे किलोमीटरांहून अधिक दूर भरेल. मग मूलमधल्या घरात, काचेच्या टाकीत, समुद्रातले शोभेचे झिंगे पाळता येतील काय? त्यांची पिल्ले वाढविता येतील काय? उत्तर ‘होय’ असे आहे. मात्र झिंगे पाळणे त्या मानाने सोपे आणि पिल्ले वाढविणे फार कठीण. असे का, ते आज आपण पाहू.

बोडीतले, मामा तलावातले झिंगे तुमच्या ओळखीचे आहेतच. त्यांचा एक देखणा समुद्री भाऊबंद म्हणजे लिस्माटा अँबॉयनेन्सिस. बाजारात त्याला क्लीनर श्रिंप म्हणतात. याची पाठ लाल असते आणि तिच्यावर मधोमध पांढरा पट्टा असतो. प्रवाळांच्या खडकांत राहून तो माशांच्या अंगावरचे परजीवी वेचून खातो. मासेही त्याच्यापुढे स्वस्थ उभे राहतात! याची आणखी एक गंमत आहे. तो आधी नर असतो आणि पुढे वाढल्यावर एकाच वेळी नरही असतो व मादीही. त्यामुळे कोणतेही दोन मोठे झिंगे एकत्र ठेवले तरी जोडी जमते. एकाने कात टाकली की मीलन होते आणि पोटाखालच्या पायांना अंड्यांचा घोस चिकटतो.

येथपर्यंत सारे सुरळीत चालते. अंडी बहुधा रात्री, दिवा मालवल्यावर फुटतात. बाहेर पडणारे डिंभ आईबापांसारखे मुळीच दिसत नाहीत. ते तळाशी न बसता पाण्यात तरंगत राहतात. ज्या टाकीत जन्मले तेथेच राहिले तर मासे त्यांना खातात, नाहीतर गाळणीचा पंप त्यांना ओढून घेतो. म्हणून अंडी पिकली की मादीला वेगळ्या भांड्यात ठेवायचे. डिंभ बाहेर पडले की भांड्याच्या एका बाजूला दिवा धरायचा. ते उजेडाकडे गोळा होतात आणि अलगद काढून घेता येतात.

आता प्रश्न पाण्याचा. येथे एक जुनी हकीगत सांगण्यासारखी आहे. मलेशियातील पेनांग येथे शाओ-वेन लिंग नावाचे शास्त्रज्ञ नदीतल्या मोठ्या झिंग्याचे डिंभ वाढविण्याचा प्रयत्न करीत होते. हा झिंगा गोड्या पाण्यातला, म्हणून डिंभही गोड्या पाण्यात ठेवले. पण ते काही दिवसांत मरून जात. नाना पदार्थ खाऊ घालून पाहिले. सांगतात की, शेवटी स्वयंपाकघरातला खारट सोया सॉस पाण्यात टाकला तेव्हा डिंभ तगले! गुण सॉसचा नव्हता, मिठाचा होता. नदीतल्या या झिंग्याच्या डिंभांना निमखारे पाणी लागते, हे १९६१ साली असे उमगले. आज उबवणी केंद्रांत हे पाणी लिटरला सुमारे १२ ग्रॅम क्षारांचे ठेवतात.

मीठ का लागते? मनुका पाण्यात टाकली की फुगते, हे तुम्ही पाहिले आहे. पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे पातळ पडद्यातून शिरते. यालाच परासरण म्हणतात. गोड्या पाण्यातल्या डिंभाची गत त्या मनुकेसारखी होते. मोठा झिंगा आत शिरलेले पाणी बाहेर टाकतो आणि कल्ल्यांनी क्षार ओढून घेतो. कोवळ्या डिंभाला हे काम झेपत नाही.

शोभेच्या समुद्री झिंग्याला मात्र पुरता समुद्रच हवा, म्हणजे लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार. नुसते खायचे मीठ चालणार नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम व क्लोराइड यांखेरीज सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियमही असते. कात टाकल्यावर नवे कवच घट्ट होण्यास कॅल्शियम लागतेच. म्हणून मत्स्यालयासाठी मिळणारे तयार मिश्रण वापरावे. पाणी तांब्याच्या गुंडात साठवू नये, पितळेच्याही नाही. माणसाला चालणारे अल्पसे तांबे झिंग्याला विष ठरते.

खारेपणा मोजायचा कसा? समुद्राचे एक लिटर पाणी सुमारे १०२३ ते १०२५ ग्रॅम भरते. चांगला तराजू असेल तर एवढ्यावरून अंदाज येतो. दूध तपासण्याचा लॅक्टोमीटरही याच तत्त्वावर चालतो.

आता मूलचा उन्हाळा आठवा. पारा ४५ अंशांवर जातो आणि टाकीतले पाणी आटते. पाणी उडून जाते, क्षार मात्र मागेच राहतात. ५० लिटर पाण्यात १७५० ग्रॅम क्षार आहेत असे धरा. ५ लिटर पाणी आटले तर लिटरला जवळजवळ ३९ ग्रॅम होतात. ही तूट खाऱ्या पाण्याने भरलीत तर ३८.५ ग्रॅम उरतील. गोड्या पाण्याने भरलीत तर पुन्हा बरोबर ३५. दुसरे संकट प्राणवायूचे. २५ अंशांना एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.८ मिलिग्रॅम, आणि पाणी तापेल तसा तो आणखी घटतो. अशा वेळी वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला, तर डिंभांचा जीव धोक्यात येतो. पर्यायी बॅटरी हवीच.

अन्न म्हणून आर्टेमिया या चिमुकल्या प्राण्याची नुकती फुटलेली पिल्ले देतात. त्याची वाळलेली अंडी खाऱ्या पाण्यात घालून हवा खेळती ठेवली की साधारण एका दिवसात फुटतात. क्लीनर श्रिंपचे डिंभ कित्येक महिने असेच तरंगत राहतात आणि रोज काही मरतात. शेकडोंतून थोडे तगले तरी यश मानावे. घरी वाढविलेल्या प्रत्येक झिंग्यामागे प्रवाळातून पकडून आणलेला एक झिंगा वाचू शकतो, हे त्या यशाचे मोल.

एक पथ्य पाळा. पाळलेला झिंगा कधीही तलावात किंवा नदीत सोडू नका. समुद्री झिंगा तेथे मरेल. आणि परका गोड्या पाण्यातला झिंगा जगला, तर आपल्या झिंग्यांच्या मुळावर येईल.

मूलजवळच्या उमा नदीचे पाणी वैनगंगेत जाते, तेथून प्राणहितेतून गोदावरीत आणि शेवटी समुद्रात. गोदावरीत राहणाऱ्या नदीझिंग्याच्या डिंभांनाही निमखारे पाणी लागते. ते मुखाशी वाढतात आणि पिल्ले झाली की प्रवाहाविरुद्ध वर चढतात. १८५२ साली पूर्ण झालेला धवळेश्वरमचा बंधारा आणि २०१९ साली सुरू झालेला मेडिगड्डा बंधारा याच वाटेवर आहेत. काचेच्या टाकीत खारे पाणी कमी पडले तर आपण घालू शकतो. नदी अडली, तर पिल्लांना समुद्राची वाट कोण करून देणार, याचा विचार बांध घालणाऱ्यांनी करावयास हवा.

आता तुमच्यासाठी एक गणित. लिटरला ३५ ग्रॅम क्षारांचे पाणी आणि गोडे पाणी मिसळून, लिटरला १२ ग्रॅम क्षारांचे २० लिटर पाणी करायचे आहे. कोणते किती घ्याल? उत्तर सुमारे ६.९ व १३.१ लिटर येते. ते कसे, हे वहीत मांडून पाहा.